तेरवीच्या बैठकीत लेकराला कोण विचारतं?

 हातातलं निवडणं-टिपणं चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या. आज आम्ही एका सतरंजीची गोष्ट सांगणार आहोत.

आपल्या दिग्रस तालुक्यातल्या कुठल्याही गावी ही सतरंजी तुम्ही पाहिली आहे. घरातला कर्ता माणूस जातो. तेरवी होते. शेवटची पंगत उठली की छपरीत सतरंजी अंथरली जाते. सासरे, दीर, चुलतसासरे आणि गावातले दोन जाणते बसतात. मग एकेक विषय निघतो. वावराचं काय करायचं? सोसायटीच्या कर्जाचं काय? आणि मग लेकरांचं काय? गेलेल्या माणसाची बायको आत चुलीपाशी असते. लेकरं अंगणात असतात. त्यांचं पुढचं आयुष्य छपरीत ठरतं आणि ते त्यांना मागाहून कळतं.

चार वर्षांआधी आमच्या गटातल्या एका मैत्रिणीच्या घरी अशीच बैठक झाली. पोरगी अकरा वर्षांची, पोरगा सहा वर्षांचा. पोरगा मायजवळ राहील आणि पोरीला वसतिगृहात टाकावं, असं ठरलं. खरं सांगतो, त्या दिवशी आम्हीही तिथे होतो आणि आम्हीही मान डोलावली. पोरगी शिकेल, मायचं ओझं हलकं होईल, असं आम्हाला मनापासून वाटलं. पोरीला मात्र कोणी विचारलं नाही. ती पाळण्यात असल्यापासून जिच्या मांडीवर वाढली ती मायची माय, तिची आजी, बैठकीला बोलावलीच नव्हती.

दोन महिन्यांनी पोरगी वसतिगृहातून निघाली आणि एकटीच आजीच्या गावाची वाट धरली. अंधार पडायच्या आधी एसटी स्टँडवर ओळखीच्या एका बाईने तिला पाहिलं, हात धरून घरी आणलं. काही वाईट झालं नाही. पण होऊ शकलं असतं. त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. निर्णय वाईट मनाने घेतला नव्हता. मग चुकलं कुठे?

तेव्हापासून आम्ही याचा मागोवा घेत आलो. लेकरू अडचणीत आलं की त्याचं काय करायचं, हे आजवर कोणी कोणी ठरवलं? आज तेच सांगतो.

घराची आणि जातीची बैठक

जुन्या काळी हे सगळं घरात, भाऊबंदकीत, नाहीतर जातीच्या पंचांपुढे ठरायचं. आपल्या भागातल्या बंजारा तांड्यांत नायक आणि कारभारी बसायचे, नसाब भरायचा. याची एक चांगली बाजू होती. पोरकं लेकरू रस्त्यावर पडत नसे. काका, मामा, आत्या, कोणीतरी ओढून घ्यायचं. ज्याला निर्णय घ्यायचा तो लेकराला नावाने ओळखायचा.

दुसरी बाजूही होती. बैठकीत पुरुष बसत. बाईचं म्हणणं कोणीतरी पोचवलं तर पोचे. आणि लेकराचं म्हणणं असू शकतं, हे कोणाच्या मनातही येत नसे.

मुंबईच्या रखमाबाईंचं उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १८६४ चा. त्यांच्या आईचं लग्न चौदाव्या वर्षी झालं होतं आणि सतराव्या वर्षी ती विधवा झाली होती. तरी रखमाबाईंचंही लग्न अकराव्या वर्षी लावलं गेलं. त्या माहेरीच राहिल्या, शिकल्या. आईने दुसरं लग्न केलं होतं. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन या पोरीच्या पाठीशी उभे राहिले. १८८४ मध्ये नवऱ्याने तिला नांदायला पाठवा म्हणून दावा लावला. पहिल्या न्यायाधीशाने रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, पण अपिलात तो टिकला नाही. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ मध्ये नवऱ्याला २,००० रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत, राजकोटला त्यांनी बायकांची सेवा केली.

यात एक गोष्ट पाहा. ज्या घराने अकरा वर्षांच्या पोरीचं लग्न लावलं, त्याच घरातली माणसं पुढे तिची ढाल झाली. म्हणजे घर सगळंच वाईट नसतं आणि सगळंच चांगलंही नसतं. घरात कोणाचं ऐकलं जातं, यावर सारं असतं.

जिथे घराने दारच लावून घेतलं, तिथे काही माणसांनी आपलं दार उघडलं. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसलेल्या विधवेने तिथे यावं, बाळंत व्हावं, बाळ जगावं, एवढाच हेतू. पुढे अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि उपासमारीने हाल झालेल्या सुमारे ३०० मुली-बायकांना आपल्यासोबत पुण्याकडे घेऊन गेल्या. हे उपकार मोठे आहेत. पण त्यात एक गोष्ट सुरू झाली होती. लेकराची सोय म्हणजे लेकराला गावापासून, माणसांपासून दूर नेणं, असं समीकरण बसू लागलं होतं.

सरकारची बैठक

मग सरकार आलं. १८७६ मध्ये आणि पुन्हा १८९७ मध्ये सुधारशाळांचे कायदे झाले. चूक केलेल्या पोरांना तुरुंगाऐवजी शाळेत ठेवावं, असा त्यांचा हेतू. तुरुंगापेक्षा ते बरंच होतं. पण त्याच काळात एक कडू कायदाही चालू होता, १८७१ चा गुन्हेगार जमातींचा. काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. १८९७ च्या दुरुस्तीने अशा जमातींच्या लहान मुलांना आईबापांपासून वेगळं काढून शाळेत डांबण्याचा अधिकार सरकारला मिळाला. १९११ च्या कायद्यातही तो राहिला. सोलापूरला तारेच्या कुंपणाची वसाहत होती. तिथे पारधी, कैकाडी अशा कुटुंबांना ठेवत. त्या मायबापांनी काही केलं नव्हतं, लेकरांनी काही केलं नव्हतं. तरी लेकराचं काय करायचं हे साहेब ठरवत होता. स्वातंत्र्य मिळाल्यावर १९५२ मध्ये हा कायदा गेला. आज एखाद्या पारधी बेड्यावर सरकारी गाडी आली आणि माय लेकराला पदराआड घेऊ लागली, तर तिला हसू नका. त्या भीतीला इतिहास आहे.

मुंबई इलाख्यात १९२४ मध्ये मुलांचा कायदा झाला. १९२७ मध्ये तिथे चिल्ड्रेन्स एड सोसायटी उभी राहिली. आपला वऱ्हाड तेव्हा ज्या मध्य प्रांताच्या कारभाराला जोडलेला होता, तिथेही १९२८ मध्ये असा कायदा आला. मुंबईत डोंगरीला रिमांड होम निघालं. तो शब्द आपल्या गावापर्यंत पोचला. अजूनही आपण पोराला दटावतो ना, ऐकलं नाही तर रिमांड होममध्ये टाकीन म्हणून? या कायद्यांनी लेकरांसाठी वेगळं कोर्ट आणलं. पोराच्या घरी जाऊन चौकशी करणारा प्रोबेशन अधिकारी आणला. घराला प्रश्न विचारले जाऊ लागले. पण उत्तरं लिहून घ्यायची आणि निर्णय वर करायचा, अशी ती रीत होती. मायबाप साक्षीदारासारखे बाहेर बाकावर बसत. निकाल लागला की त्यांना कळवला जाई.

म्हणजे बैठक छपरीतून कचेरीत गेली, एवढंच. माय आधी चुलीपाशी होती, आता बाकावर होती.

दूरच्या देशात काय झालं

आता थोडं लांब जाऊ. न्यूझीलंड नावाचा देश आहे. आपण क्रिकेटमुळे त्याचं नाव ऐकतो. तिथले मूळ रहिवासी माओरी. त्यांचं घर म्हणजे नुसते मायबाप नाहीत. आजा, आजी, काका, मामा, सारं गणगोत मिळून लेकरू वाढवतं, अगदी आपल्यासारखं. तिथलं सरकार अडचणीतली माओरी लेकरं उचलून सरकारी गृहांत ठेवायचं. नातेवाइकांना विचारण्याची रीत नव्हती.

माओरी लोकांनी आवाज उठवला. सरकारने एक समिती नेमली. जॉन रांगीहाऊ नावाचे माओरी जाणते तिचे प्रमुख होते. १९८६ मध्ये त्या समितीचा अहवाल आला. त्याच्या माओरी नावाचा अर्थ पहाट. त्याने सरकारला सुनावलं की आमच्या लेकरांचे निर्णय आम्हाला सोडून होतात. मग १९८९ मध्ये तिथे नवा कायदा झाला आणि कुटुंबाची बैठक कायद्यात बसली.

ती बैठक कशी चालते, हे नीट ऐका. आपल्या कामाचं आहे. आधी एक जण जोडणी करतो. आईकडचे, बापाकडचे, लांबचे, सगळ्यांना गाठतो, बोलावतो. बैठक सुरू झाली की अधिकारी, शिक्षक, डॉक्टर काय घडलं आणि काय मदत मिळू शकते ते सांगतात. दुसऱ्या टप्प्यात बाहेरची माणसं खोलीतून बाहेर जातात. घरची माणसं एकटीच बसतात, भांडतात, रडतात आणि ठरवतात. तिसऱ्या टप्प्यात ते काय ठरलं ते सांगतात. त्यात लेकराला धोका नसेल तर अधिकाऱ्यांनी ते मान्य करून मदत करायची असते.

कायदा झाला म्हणून तिथे सारं गोड झालं असं नाही. २०१९ मध्ये माओरी आयांची नवजात बाळं नेण्यावरून तिथे देशभर संताप उसळला. कायदा दार उघडतो, पण आत जाऊन बसावं आपल्यालाच लागतं.

आपला कायदा काय म्हणतो

त्याच १९८९ साली संयुक्त राष्ट्रांत बालहक्कांचा करार झाला. भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. लेकराला विनाकारण घरापासून तोडू नये आणि त्याच्या बाबतीत ठरवताना त्याचं म्हणणं ऐकावं, हे त्यात आहे.

आपल्याकडे १९८६ मध्ये साऱ्या देशासाठी एक कायदा झाला. २००० मध्ये तो बदलला आणि बाल कल्याण समिती आली. आज चालतो तो २०१५ चा बाल न्याय कायदा. त्याच्या सुरुवातीलाच सोळा तत्त्वं दिली आहेत. त्यांतली तीन आपण पाठच करून ठेवावीत. लेकराच्या सांभाळाची पहिली जबाबदारी घराची. लेकराचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे. आणि संस्थेत ठेवणं हा सगळ्यात शेवटचा उपाय.

बाल कल्याण समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. त्यांत निदान एक बाई असावीच लागते. समितीला न्यायाधीशासारखे अधिकार आहेत. पण तिची जागा कोर्टासारखी दिसू नये, सदस्यांनी उंच चौथऱ्यावर बसू नये, असं नियम सांगतात. सापडलेलं किंवा अडचणीतलं लेकरू २४ तासांच्या आत समितीपुढे न्यावं लागतं. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. मग घरी जाऊन सामाजिक चौकशी होते. तेव्हा जो माणूस वही घेऊन तुमच्या दारी येतो, त्याच्याशी मोकळेपणाने बोला. आजी आहे, मामा आहे, लेकराला सांभाळायला तयार आहे, हे तिथे लिहिलं गेलं नाही तर समितीला ते कळणार कसं? निकाल पटला नाही तर ३० दिवसांच्या आत अपील करता येतं. एखादी माय नाइलाजाने लेकरू समितीच्या हवाली करते, तिलाही कायद्याने विचार बदलायला दोन महिने दिलेत.

आणि पैशाचं? लेकरू नातेवाइकाकडे ठेवायचं तर त्याच्या वह्या-पुस्तकांचा, कपड्यांचा खर्च कोणी करायचा, इथे घोडं अडतं. महाराष्ट्रात त्यासाठी बालसंगोपन योजना आहे. आता तिला सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. २०२३ पासून तिच्यात महिन्याला २,२५० रुपये मिळतात. मायबाप दोघे नसलेलं, किंवा एकच पालक उरलेलं लेकरू तिच्यात बसू शकतं. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे जातो आणि आदेश बाल कल्याण समिती देते. त्यासाठी यवतमाळला खेटे पडतात. एक दिवसाची मजुरी बुडते. हे आम्ही लपवत नाही. म्हणून आमच्या गटाने ठरवलंय की अशा बाईसोबत एक जण जाईल आणि तिच्या एसटीचं भाडं गटातून निघेल.

गावातही एक बैठक आहे, ती अनेकींना ठाऊक नाही. ग्राम बाल संरक्षण समिती. सरपंच तिचे अध्यक्ष आणि अंगणवाडी ताई तिची सचिव. तुमच्या गावी ती शेवटची कधी बसली, हे उद्याच जाऊन विचारा.

जिथे घरात मिटवायचं नाही

मायबहिणींनो, आता एक गोष्ट ठामपणे सांगतो. सगळंच घरच्या बैठकीत आणू नका. लेकरावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर ते घरात, जातीत, गावात कुठेच मिटवता येत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. पैसे घेऊन मिटवा, लग्न लावून मिटवा, असं म्हणणाऱ्या बैठकीतून उठून या. अठराच्या आत पोरीचं लग्न हेही बैठकीत ठरवायची गोष्ट नाही. २००६ च्या कायद्याने ते गुन्हा आहे. गावात ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आधीचे ग्रामसेवक, हे ते रोखणारे अधिकारी आहेत. त्यासाठी कोणी वाळीत टाकायची धमकी दिली, तर त्याविरुद्धही महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे. आणि ज्याच्यापासून लेकराला भीती आहे, तो माणूस बैठकीत लेकरासमोर बसता कामा नये. अशा वेळी १०९८ लावा. दिवस-रात्र चालतो, पैसे पडत नाहीत.

दुसरी बैठक

त्या पोरीचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं.

ती सापडल्यावर महिनाभराने आम्ही पुन्हा बैठक लावली. या वेळी माय सतरंजीवर बसली. सासूबाई आल्या. पलीकडच्या गावाहून आजी आणि मामा आले. शाळेच्या गुरुजींनी पोरीच्या अभ्यासाचं सांगितलं. अंगणवाडी ताईने योजनेची माहिती दिली. मग आम्ही, गुरुजी आणि ताई उठून बाहेर गेलो.

आतून आवाज चढला. बाहेर आम्हाला सारं ऐकू येत होतं. पहिल्यांदाच दिराच्या तोंडून खरी गोष्ट निघाली. पोरगी आजोळी गेली की उद्या मामा वावरात वाटा मागेल, ही त्याला भीती होती. तेरवीच्या दिवशी हे कोणी बोललं नव्हतं. शिक्षणाच्या नावाखाली ते झाकलं गेलं होतं आणि आम्हीही त्याला भुललो होतो. पोरीचा वाटा पोरीचाच आहे, तो मामाचाही नाही आणि काकाचाही नाही, असं सासूबाईंनीच सुनावलं.

पोरगी एवढ्या माणसांत बोलली नसती. म्हणून तिने आधीच आजीजवळ सांगून ठेवलं होतं. तिच्या दोनच मागण्या होत्या. आजीकडे राहायचं. आणि बाजाराच्या दिवशी भावाला भेटायचं. दोन्ही मान्य झाल्या. अकरा वर्षांच्या लेकराने काही आभाळ मागितलं नव्हतं. तिला आधीच विचारलं असतं तर ती संध्याकाळ आलीच नसती.

आज ती आजीच्या गावी शिकते. बालसंगोपनाचे पैसे यायला बराच वेळ लागला, पण आले. वावराचा तंटा अजून सुटलेला नाही. दीर अजून आमच्याशी नीट बोलत नाही. पण बाजाराच्या दिवशी बहीण-भाऊ भेटतात आणि माय दोघांना भजी घेऊन देते.

आता गटाच्या बैठकीत या चार गोष्टी बोला.

एक, आपल्या गावात मागच्या वर्षी कोणत्या लेकराचा निर्णय झाला आणि बैठकीत कोण नव्हतं?

दोन, मायच्या माहेरचं माणूस बोलावलं होतं का?

तीन, लेकराचं म्हणणं त्याच्या विश्वासाच्या कोणाकडून तरी विचारून घेतलं होतं का?

चार, जे ठरलं ते लिहून ठेवलं का आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहायचं ठरलं का?

सतरंजी आपल्याच घरची आहे, मायबहिणींनो. ती कोणासाठी अंथरायची, हेही आपल्याच हातात आहे. पुढच्या वेळी भेटू तेव्हा तुमच्या गावची गोष्ट ऐकायची आहे. राम राम.